सत्तावीस इंच, सरळ उंची

बाबाजी ठाकूर यांनी आयुष्यात एकच वस्तू घाईने घेतली होती, ती म्हणजे पेणचं घर. त्याचं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे आणि दुपारी तिथे उभं राहवत नाही हे राहायला गेल्यावर कळलं, तेव्हापासून त्यांनी घाई सोडली. त्यामुळे मुलीसाठी कॉम्प्युटरचा मॉनिटर घ्यायचा ठरला आणि बाबाजी "मी बघतो" म्हणाले, तेव्हा त्यांची बायको सगुणा तांदूळ निवडता निवडता थांबली. बाबाजी रोह्याच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं खरेदीच्या टेबलावर होते. त्यांनी 'बघतो' म्हटलेला पाण्याचा पंप मागे पाणीटंचाई संपल्यावर घरी आला होता.

प्रकरण तसं साधं होतं. त्यांची एकुलती मुलगी किमया पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला होती. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. चुका काढायला पगार देतात हे ऐकून बाबाजींना त्या कंपनीबद्दल आदरच वाटला होता. दोन वर्षं ती घरूनच, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करत होती. आता कंपनीने नवा नियम काढला: घरून काम करायचं तर स्वतंत्र टेबल, पाठीला आधार देणारी खुर्ची आणि किमान सत्तावीस इंची मॉनिटर पाहिजे, आणि या सगळ्याचा फोटो जानेवारी संपायच्या आत पाठवला पाहिजे. ज्यांना जमणार नाही त्यांनी एक तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हावं. तशी खुर्ची घरात होती, टेबल आणि मॉनिटर नव्हता.

बाबाजींना मुलगी पुण्याला जायला नको होती. हे ते कुणाजवळ बोलले नव्हते. पण संध्याकाळच्या गाडीने रोह्याहून दमून आल्यावर दार ती उघडायची, आज साहेबांनी काय घोळ घातला ते विचारायची आणि खरोखर ऐकून घ्यायची. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाचं ऐकून घेणारं दुसरं कोणी कचेरीत नव्हतं. घरीही नव्हतं, कारण सगुणाला त्या साहेबांची नावं ऐकूनच कंटाळा येत असे.

"बाबा, मी मोबाईलवरून मागवते," किमया म्हणाली. "दोन दिवसांत येतो."

"वस्तू डोळ्यानं न बघता?"

"फोटो असतात."

"फोटो मंत्र्यांचे पन असतात गो," बाबाजी म्हणाले. किमयाने पुन्हा तो विषय काढला नाही. मुलगी समजूतदार आहे, असं त्यांनी रात्री जेवताना सगुणाला सांगितलं.

पेणच्या बाजारात निलेशचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याने पहिलाच प्रश्न असा विचारला की बाबाजींच्या कपाळावर आठी पडली.

"काका, गेमिंगला पाहिजे का ऑफिसच्या कामाला?"

"आमच्या घरात गेम कोण खेळत नाय."

"तसं नाय ओ. गेमिंगचा घेतलात तर ऑफिसचं काम होतंच. ऑफिसचा घेतलात तर गेमिंग नाय होत."

"म्हणजे ऑफिसच्या कामाला पन गेमिंगचाच घ्यायचा?"

"व्हय. सगळे तसंच करतात."

ऑफिसच्या कामासाठी म्हणून घेतलेल्या वस्तूंचं पुढे काय काय होतं, हे त्यांनी एकतीस वर्षं जवळून पाहिलं होतं. त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली, तारीख घातली आणि 'गेमिंग / ऑफिस' असं लिहून त्याखाली रेघ ओढली.

त्या डायरीची बातमी आळीत पसरायला एक दिवस लागला. शेजारचे हैबतराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या कर्ण्यातून पंचवीस वर्षं बोलल्यामुळे त्यांचं साधं मतसुद्धा गाडी सुटत असल्यासारखं ऐकू यायचं. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. कुंपणाशी उभं राहून ते म्हणाले, "वाकडा घ्या. आता सगळे वाकडेच घेतात. डोळा गोल हाय ना आपला? मंग पडदा पन गोल पाहिजे." बाबाजींनी विचारलं, की मग वर्तमानपत्र गोल का नसतं. हैबतराव म्हणाले, "म्हणूनच ते कोणी वाचत नाय." बाबाजींनी डायरीत 'वाकडा?' असं लिहिलं.

मग रोजच्या गाडीतला मितेश होता. तो जित्याला चढायचा आणि रोह्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा. पोरगा चांगला, पण मॉनिटरचा विषय निघाल्यावर त्याला नागोठण्यापर्यंत श्वास घ्यायची गरज पडली नाही. हर्ट्झ म्हणजे काय, मिलिसेकंद म्हणजे काय, काळा रंग खरा काळा कुठल्या पडद्यावर दिसतो आणि कुठल्यावर नुसता काळपट दिसतो, हे त्याने सगळं सांगितलं. "एकशे पासष्ट हर्ट्झच्या खाली बघू पन नका काका," तो म्हणाला. "एका सेकंदाला चित्र एकशे पासष्ट वेळा बदलतं." बाबाजींच्या कचेरीत भिंतीवरची तसबीर बदलायला सरकार बदलून आठ महिने जावे लागत. सेकंदाला एकशे पासष्ट वेळा बदलणारी वस्तू घरात हवी कशाला, हे त्यांना कळेना. तरी त्यांनी लिहून घेतलं. गाडी हलत असल्यामुळे आकडा नंतर एकशे साठ, पासष्ट की पाच हे त्यांनाच लागेना, आणि खात्री करायला मितेशला गाठावं तर त्याची दुसऱ्या दिवसापासून रात्रपाळी लागली. यात एक आठवडा गेला.

दुसरा आठवडा कोटेशनांनी खाल्ला. तीन कोटेशनांशिवाय काही घ्यायचं नसतं हे बाबाजींच्या हाडात मुरलेलं होतं. निलेशला त्यांनी पहिलं मागितलं, तेव्हा तो मदत करायला म्हणून म्हणाला, "काका, तिन्ही मीच देतो की. लेटरहेड हायत माझ्याकडं." असं कचेरीत चालायचं, हे बाबाजींना माहीत होतं. पण स्वतःच्या मुलीच्या वस्तूत असलं काही करायचं या कल्पनेने त्यांना वाईट वाटलं. दुसरं त्यांनी रोह्याच्या अपेक्षा नावाच्या बाईंकडून आणलं. स्टेशनजवळ त्यांचं दुकान होतं. तिसऱ्यासाठी ते वाट वाकडी करून वडखळला गेले. तिथल्या दुकानदाराकडे मॉनिटर नव्हता, पण माणूस अगत्याचा. त्याने चहा पाजून इन्व्हर्टरचं कोटेशन दिलं. तीन कोटेशनं पाहिजेत असं नियम सांगतो, ती कशाची हे कुठे स्पष्ट म्हटलेलं नाही, असा विचार करून बाबाजींनी ते फायलीला लावलं.

मग तुलनात्मक तक्ता झाला. त्यात निलेशचा सत्तावीस इंची बसला. तक्त्याच्या खाली 'पाहिले' लिहून किमयाने सही करायची होती. तिने केली.

"सत्तावीस म्हणजे सत्तावीसच ना गो?" बाबाजींनी विचारलं. "कमीजास्त चालंल का कंपनीला?"

किमयाने पेन खाली ठेवलं. "सत्तावीसच लिहिलंय बाबा," ती म्हणाली आणि आत गेली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ठाकुरांचं मूळ घर पेणजवळच्या जोह्याला. धाकट्या भावाचा तिथे गणपतींचा कारखाना, आणि सुट्टीच्या दिवशी बाबाजी तिकडे जाऊन मूर्तींचे डोळे आखत. त्या दिवसांत माघी गणपती तोंडावर आले होते, म्हणून प्रत्येक रविवार तिकडेच जात होता. या धंद्यात इंच म्हणजे उंची. अठरा इंची गणपती म्हणजे पाटावर बसलेला गणपती मुकुटाच्या टोकापर्यंत अठरा. पाट धरायचा की वगळायचा यावर भांडणं होतात, एका घरात तर त्यावरून वाटण्या झाल्या, पण उंची सोडून दुसरं काही मोजायचं असतं हे त्या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिथे गिऱ्हाईक मुंबईहून येतं ते खिशात टेप घेऊनच.

त्यामुळे टेबल करायला बोलावलेल्या विठू सुताराला बाबाजींनी "मधे सत्तावीस इंच उंची मोकळी सोड" असं सांगितलं, तेव्हा विठूनेही काही विचारलं नाही. तो मखरं करणारा. त्याने सत्तावीसवर एक इंच जास्तीचं सोडून मागे दोन उभ्या फळ्या लावल्या, वर आडवी पट्टी टाकली आणि हात सवयीने चालला म्हणून पट्टीला दोन महिरपी काढल्या. किमयाने टेबल पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. छान झालंय म्हणाली.

तेवीस तारखेला बाबाजी टेप घेऊन निलेशच्या दुकानात गेले. खोका उघडला, मॉनिटर उभा केला. बाबाजींनी खालपासून वरपर्यंत टेप धरली आणि चष्मा पुसून पुन्हा धरली. सव्वातेरा. मग रुंदी मोजली. साडेतेवीस.

"निलेश," ते शांतपणे म्हणाले, "यात सत्तावीस कुठं हाय?"

निलेशने त्यांच्या हातातली टेप घेतली आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ताणली. "हे बघा. सत्तावीस."

बाबाजी बराच वेळ त्या तिरक्या टेपकडे पाहत राहिले. एकतीस वर्षांत त्यांनी वजनाला ओली केलेली वाळू पाहिली होती, रंगात मिसळलेलं पाणी पाहिलं होतं, पण इतक्या उघडपणे कोणी फसवलं नव्हतं.

"उद्या मी गिऱ्हाइकाला सव्वातेरा इंचांची मूर्ती दिली," ते म्हणाले, "आणि बोललो की सोंडेपासून मागच्या उंदरापर्यंत तिरकं मोज, सत्तावीस भरतील, तर तो मला मारील का नाय?"

"काका, सगळीकडं असंच मोजतात. टीव्ही, मोबाईल, सगळं."

"म्हणून मला फसवून घ्यायला पाहिजे?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यातल्या एकाने आपल्या मोबाईलकडे संशयाने पाहिलं. निलेशने बिचाऱ्याने दुकानाच्या इतिहासात पहिल्यांदाच पायथागोरस काढला, कागदावर त्रिकोण काढून दाखवला, पण त्याने बाबाजींचा अपमान वाढतच गेला. आपल्याला भूमिती शिकवणारा हा पोरगा लहानपणी जोह्याच्या कारखान्यात शाडूचे गोळे पळवायचा, हे त्यांना आठवलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. "जाऊ द्या काका," निलेश शेवटी थकून म्हणाला. "पीस तुमच्या नावानं ठेवतो बाजूला. राग उतरला की या."

"नको ठेवू," बाबाजी म्हणाले आणि टेप गुंडाळून बाहेर पडले. घरी त्यांनी फक्त "वस्तू मापात नाय" एवढंच सांगितलं. किमयाने जेवताना आपणहून दुसऱ्यांदा भात घेतला, हे सगुणाच्या लक्षात आलं.

रोह्याच्या अपेक्षाबाई वेगळ्या होत्या. त्या हुज्जत घालत नसत. बाबाजींनी सांगितलं, पडद्याची उंची सरळ सत्तावीस पाहिजे. बाई म्हणाल्या, "काका, तोंडी नको. लिहून द्या."

महिनाभरात कोणीतरी लेखी मागितलं याने बाबाजींना भरून आलं. त्यांनी तिथेच उभ्याने लिहिलं: 'पडद्याची सरळ उभी उंची, खालील बैठक वगळून, सत्तावीस इंच असावी. तिरक्या अथवा अन्य प्रकारे मोजलेली उंची ग्राह्य धरली जाणार नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

बाईंनी मोबाईलवर हिशेब मांडला. "मग हा पंचावन्न इंची टीव्ही होतो काका."

"तुम्ही त्याला काय म्हणता ते मला नको. उंची किती?"

"सत्तावीस."

"मंग झालं की."

"खूप मोठा होईल. लॅपटॉपला जोडता येतो, ते काही नाही. पण समोर बसणाऱ्याचं काय ते बघा."

"सही केलीय मी," बाबाजी म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. खोका न फाडता सात दिवसांत आणला तर परत घेईन, असं त्यांनी बिलाच्या मागे न मागता लिहून दिलं. तो झोपवायचा नाही, उभाच न्यायचा, हेही बजावलं.

एकोणतीस तारखेला तो खोका संध्याकाळच्या गाडीने रोह्याहून निघाला. डब्यात तो दरवाजाजवळ उभा होता आणि त्याला मिठी मारल्यासारखे बाबाजी उभे होते. प्रत्येक स्टेशनात उतरणारी माणसं आधी खोक्याला आणि मग बाबाजींना शिव्या देऊन उतरत होती. पेणला एकही मिनीडोर रिक्षावाला तो उभा घ्यायला तयार होईना. एक तयार झाला, पण मग बाबाजींना बसायला जागा उरेना, आणि खोका एकटा पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. अखेर हैबतरावांना फोन केला. ते आले आणि दोघे दोन बाजूंनी तो उभा खोका धरून चालत निघाले.

आता माघी चतुर्थी दोन दिवसांवर आलेली, गाव गणपतींचं पेण, आणि दोन प्रौढ माणसं काहीतरी मोठं, झाकलेलं, अंगाशी धरून जपून पावलं टाकत चाललेली. लोक बाजूला होऊ लागले. एका दुचाकीवाल्याने गाडी बंद करून वाट दिली. भाजीवाल्या मालूबाईंनी टोपली खाली ठेवून हात जोडले. कोपऱ्यावरच्या पोरांनी मोरया म्हटलं, त्याला हैबतरावांनी आपल्या कर्ण्याच्या आवाजात उत्तर दिलं, आणि त्यानंतर हा टीव्ही आहे असं सांगायची सोय राहिली नाही. बाबाजी मान खाली घालून चालत राहिले. त्यांचे हात भरून आले होते आणि मधे थांबून टेकवावा तर लोक पाया पडतील अशी भीती होती.

घरात तो किमयाच्या खोलीत मावला नाही. विठूच्या मखरात तर मावायचा प्रश्नच नव्हता. शेवटी हॉलमध्ये जुन्या ट्रंकेवर उभा केला, पुढे टेबल ओढलं आणि विठूला बोलावून मखराच्या फळ्या काढून टाकल्या. मोकळा खोका पलंगामागे जपून ठेवला. बाबाजींनी टेप लावली. सत्तावीस, बरोब्बर. पंधरवड्यात पहिल्यांदाच ते मनापासून हसले.

किमया समोर बसली. डावीकडचं वाचायला मान डावीकडे, उजवीकडचं वाचायला उजवीकडे, अशी ती कबड्डीचा सामना पाहिल्यासारखी काम करू लागली. तिच्या मॅनेजरचा चेहरा मीटिंगमध्ये पडद्यावर आला तेव्हा पाणी द्यायला आलेली सगुणा पदर सावरून मागे सरली. हैबतराव दारात उभे राहून किमयाला आलेले ईमेल खणखणीत आवाजात वाचून दाखवत. शिवाय कंपनीची भाषा त्यांना पसंत नव्हती. 'कृपया' कुठे लिहितच नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

तीस तारखेला फोटो पाठवला. एकतीसला उत्तर आलं: मांडणी उत्तम, मंजूर. कंपनीने किमान सत्तावीस असं लिहिलं होतं, कमाल किती ते लिहायचं राहून गेलं होतं. नियमातली अशी फट सापडली की बाबाजींना दोन दिवस बरं वाटायचं. त्यांनी पेढे आणले.

ते दोन दिवस मात्र पुरे झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. माघीचं काम संपलं होतं, त्यामुळे दुपारी जेवून बाबाजी हॉलच्या दुसऱ्या टोकाला आरामखुर्चीत पडले होते. किमया टेबलाशी बसून मैत्रिणीला काहीतरी लिहीत होती. दिपिका तिच्याच ऑफिसातली, पुण्यात खोली घेऊन राहणारी. किमयाला आजवर मोबाईलवर लिहायची सवय. पडद्यावरचं एकेक अक्षर आता पेरूएवढं दिसतंय हे ती त्या वेळी विसरली असावी. बाबाजींनी डोळे उघडले आणि समोर जे होतं ते वाचलं. वाचू नये असं मनात यायच्या आत वाचून झालं होतं.

'दीपे, फोटो मंजूर झाला. संपलं आता. तुझ्या खोलीतली ती कॉट दुसऱ्या कुणाला देऊन टाक. मला यायचं होतं गं. मॉनिटर मिळू नये म्हणून मी महिनाभर देवाला सांगत होते. बाबा चुकीचं माप धरून बसलेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी बोलले नाही. पण त्यांनी आणलाच. स्टेशनापासून चालत आणला. आता मी त्यांना कसं सांगू की मला घरात बसून कंटाळा आलाय?'

बाबाजींनी डोळे मिटून घेतले. त्यांना खूप वाईट वाटलं. मुलीचा राग आला नाही, स्वतःचा आला. महिनाभर जिने काही बोलू नये म्हणून ओठ मिटले, तिला ते समजूतदार म्हणत राहिले होते.

सोमवारी सकाळी त्यांनी रजा टाकली आणि चहा पिता पिता जाहीर केलं, "हा मॉनिटर परत करायचा."

किमया चमकली. "का? मंजूर झालाय ना?"

"मोठा हाय. मान धरंल तुझी."

"मग दुसरा?"

"दुसरा कुठं मिळतोय. निलेशला विचारलं मी. त्याच्याकडचा पीस गेला, महिनाभर माल येणार नाय." बाबाजींनी आजवर शिल्लक माल नाही म्हणून कधी खोटं दाखवलं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "मंग काय, कंपनीला तसं कळव. जावं लागंल तुला पुण्याला. नियमापुढं इलाज नाय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या फोनच्या कानाच्या भोकांत कधीतरी जोह्याला रंग गेला होता, त्यामुळे तो कायम स्पीकरवरच असायचा.

"काका, निलेश बोलतोय. राग गेला का?" सगळ्या घराला ऐकू आलं. "तो सत्तावीस इंची अजून तुमच्या नावानं ठेवलाय. पोरीचं काम अडायला नको. आज घरी आणून लावून देऊ?"

"नको," बाबाजी म्हणाले.

"का ओ? चांगला पीस हाय."

"नको म्हटलं ना. ठेव फोन."

स्वयंपाकघरात सगुणाने गॅस बंद केला. किमयाने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दूरच्या आरामखुर्चीकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही वाचलंत."

"एवढाल्या अक्षरात लिहिलंस. वाचणार नाय तर काय करणार."

तिचे डोळे भरले. "मला इथे काही कमी नाही बाबा. तसं नाहीये..."

"ऐक," बाबाजी म्हणाले. "मला तू जायला नको हायस. मी आलो की दार कोण उघडंल, महिनाभर मी हाच विचार करतोय. पन तुला जायचंय ना, तर तू जा. माझ्यापायी देवाला साकडं घालत नको बसू. सरळ सांगायचं."

"सरळ सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो," बाबाजींनी कबूल केलं. "दोन दिवस नाय म्हणालो असतो. मंग हो म्हणालो असतो. तीन आठवडे वाचले असते."

सगुणा हात पुसत बाहेर आली. "झालं का दोघांचं? तिची बॅग मी भरून ठेवलीय, दहा दिवस झाले. ज्या दिवशी तिनं दुसऱ्यांदा भात घेतला ना, त्याच दिवशी." ती परत आत गेली आणि आतून तिच्या नाक ओढण्याचा आवाज आला.

टीव्ही त्याच खोक्यात, तसाच उभा, सहाव्या दिवशी रोह्याला परत गेला. अपेक्षाबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच बाबाजींना सगळ्यात लागलं. किमया पुण्याला गेली. पहिले तीन दिवस बाबाजी संध्याकाळी घरी येऊन बेल वाजवत उभे राहिले आणि सगुणाने आतून ओरडून सांगितलं की कडी नाही, ढकला.

गुरुवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. खोली बरी आहे, मेसची आमटी गोड असते, ऑफिसात खिडकीजवळची जागा मिळाली, असं ती सांगत होती. ती खुशीत होती. बाबाजींनी मोबाईल हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला, मग पुन्हा लांब धरला. तिचा चेहरा अंगठ्याएवढा दिसत होता, आणि हसली की डोळ्यांच्या कडेला काय होतं ते त्यात येत नव्हतं. "साहेबांनी आज काय केलं बाबा?" तिने विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी चपला घातल्या. निलेश शटर ओढायच्या बेतात होता. बाबाजींना पाहून तो सावध झाला, पण त्यांच्या हातात टेप नव्हती, डायरी नव्हती.

"मॉनिटर पाहिजे," ते म्हणाले. "घरी. मला आणि सगुणाला."

"केवढा दाखवू काका?"

बाबाजींनी दोन्ही हात वर केले, एक हनुवटीच्या उंचीला, एक भांगाच्या, आणि मधे एका माणसाचा चेहरा मावेल एवढी जागा सोडून ते हात तसेच हवेत धरून ठेवले.

"एवढी दिसली पाहिजे," ते म्हणाले.